दारू सोडण्यासाठी स्वमदत गटाची मीटिंग: शोधावी कशी, बसावे कसे

महाराष्ट्रात दारू सोडण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. कोणी पंढरीची माळ घालतो, कोणी कुलदैवतासमोर शपथ घेतो, कोणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून वचन देतो, तर कोणी घरच्यांच्या आग्रहाखातर व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून येतो. या वाटांनी गेलेले काही जण कायमचे सुटतातही. परंतु बहुतेकांना दारू सोडणे जमते आणि सोडलेली दारू सुटलेली ठेवणे जमत नाही. शपथ सकाळी घेतलेली असते आणि तिची कसोटी संध्याकाळी सात वाजता, कामावरून परतताना नेहमीच्या नाक्यावर लागते. स्वमदत गट म्हणजे एकाच त्रासातल्या माणसांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेला गट; त्याच्या मीटिंगा बहुतांशी याच वेळेला भरतात आणि माझ्या मते त्यांचा निम्मा उपयोग या वेळेतच आहे. म्हणून कोणता गट श्रेष्ठ याच्या चर्चेपेक्षा आपण कोणत्या संध्याकाळी, कोणत्या रस्त्याने, कोणत्या खोलीत जाऊन बसायचे, याला येथे अधिक जागा दिली आहे.

विचार प्रामुख्याने अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘एए’चा केला आहे, कारण आपल्याकडे ठिकठिकाणी मीटिंगा भरतात त्या मुख्यतः याच संघटनेच्या. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही अट्टल पिणारे, एकमेकांशी बोलत बसले. बोलत राहिले तर पिण्यावाचून दिवस निघतो, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यातून हे काम उभे राहिले. भारतात ते १९५७ साली आले, आणि त्याचे देशपातळीवरील सेवा कार्यालय मुंबईत आहे. तेथे फी नाही, सभासदांची नोंदवही नाही, आणि अट एकच आहे: दारू सोडण्याची इच्छा. ही इच्छा किती पक्की आहे, हे तपासायला दारात कोणी उभे नसते.

आधी डॉक्टर

ज्याचे पिणे रोजचे आणि भरपूर आहे, सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात आणि दोन घोट पोटात गेल्यावरच थांबतात, अशा माणसाने मीटिंगचा पत्ता शोधण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. दारूची सवय झालेल्या मेंदूची दारू अचानक तोडली, तर साधारणपणे पहिल्या सहा ते अठ्ठेचाळीस तासांत आकडी येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, घरातली माणसे ओळखू येत नाहीत, घाम आणि ताप वाढत जातो. ही अवस्था जिवावर बेतणारी आहे. घरी चादरीत गुंडाळून बसवण्याचा किंवा ‘नशा उतरते आहे’ म्हणून वाट पाहण्याचा हा प्रसंग नव्हे. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णालय गाठावे. पूर्वी दारू बंद केल्यावर कधी आकडी आलेली असेल, तर डॉक्टरांनी विचारले नाही, तरी त्यांना तसे सांगावे. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे ही दारू काही दिवसांच्या औषधांच्या आधाराने सुरक्षितपणे उतरवता येते, आणि बरोबर बी-१ जीवनसत्त्वही दिले जाते, कारण दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात त्याची मोठी कमतरता असते.

येथेच एक इशारा देणे आवश्यक वाटते. ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडपासून मोबाइलपर्यंत सर्वत्र असतात, आणि हतबल झालेल्या बायका, आया ती पूड चहात किंवा भाजीत कालवतात. दारूशी प्रतिक्रिया होणारे औषध वैद्यकशास्त्रात आहे, परंतु ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायचे असते. ते पोटात असताना माणूस नेहमीप्रमाणे प्यायला, तर रक्तदाब कोसळून मृत्यूही ओढवू शकतो. पुडीत नेमके काय आहे, हे विकणाराही सांगत नाही.

ज्यांना काही दिवस घरापासून दूर राहण्याची गरज आहे, त्यांच्यासाठी निवासी केंद्रे आहेत. पुण्यात येरवडा येथील मुक्तांगण हे केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केले, तर मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशनची सुरुवात केली. अशा केंद्रांतून बाहेर पडताना समुपदेशक पाठपुराव्याच्या बैठका आणि जवळच्या मीटिंगा यांची माहिती देतात. तो कागद बॅगेत ठेवून विसरला जातो, असा सार्वत्रिक अनुभव आहे. म्हणून केंद्रातून घरी आल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या संध्याकाळी पहिली मीटिंग गाठावी. मधे आठवडा गेला की घरात सत्यनारायण होतो, नातेवाईक भेटून जातात, ‘आता सुटली बरं का’ असे सर्व जण म्हणू लागतात, आणि मीटिंगची गरज कोणालाच, विशेषतः पिणाऱ्याला, वाटेनाशी होते.

पत्ता कसा काढावा

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फोन. एए इंडियाच्या संकेतस्थळावर शहरवार माहिती आणि संपर्काचे क्रमांक असतात. ते सापडत नसेल, तर केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची निःशुल्क हेल्पलाइन आहे, आणि मनाच्या कोणत्याही तक्रारीसाठी १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही चोवीस तास चालणारी सेवा आहे, जिच्यावर मराठीत बोलता येते. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारले, तरी तेथील समाजसेवा अधिकाऱ्याला जवळच्या मीटिंगा बहुधा ठाऊक असतात.

हा फोन शक्यतो पिणाऱ्याने स्वतः करावा. बायकोने किंवा भावाने पत्ता आणून हातात दिला, की तो त्यांचा पत्ता होतो आणि न जाण्याचे कारणही त्यांच्यावरच ढकलता येते. एएच्या क्रमांकावर फोन उचलणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेली असते; तिच्यासमोर प्रस्तावना करावी लागत नाही. ‘दारूचा त्रास आहे, मीटिंग कुठे असते?’ एवढे वाक्य पुरते. नाव सांगायचे नसेल तर सांगू नये. पलीकडची व्यक्ती उपदेश करीत नाही, उलट पुष्कळदा ‘मी अमुक स्टेशनवर भेटतो, बरोबर जाऊ’ असेच म्हणते. काही वेळा गटातले दोन सभासद घरी किंवा बाहेर चहाच्या टपरीवर येऊन भेटतात. एएचा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा आहे; त्यांतल्या बाराव्या पायरीचे, म्हणजे दुसऱ्या मद्यपीला मदत करण्याचे काम म्हणून ते हे करतात, त्याचे पैसे घेत नाहीत, आणि शक्यतो एकट्याने जात नाहीत.

फोनवर काही गोष्टी नेमकेपणाने विचारून घ्याव्यात. वार आणि वेळ कोणती, मीटिंग मराठीत चालते की हिंदी-इंग्रजीत, ती ओपन आहे की क्लोज्ड, आणि जागा इमारतीत नेमकी कुठे आहे, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण पहिल्या दिवशी माणूस परत फिरतो तो बहुतेक वेळा याच क्षुल्लक गोष्टींपायी. क्लोज्ड मीटिंगला ज्यांना स्वतःला दारूचा त्रास आहे, तेच बसतात; ओपन मीटिंगला घरचे, विद्यार्थी, पत्रकार, कोणीही येऊ शकते. मीटिंगा महापालिकेच्या शाळेत, चर्चच्या सभागृहात, रुग्णालयाच्या रिकाम्या बाह्यरुग्ण विभागात, कधी समाजमंदिरात भरतात, आणि बाहेर मोठी पाटी लावलेली नसते. शाळेचे पुढचे फाटक संध्याकाळी बंद असते आणि मागच्या बोळातून जिन्याने दुसऱ्या मजल्यावर जायचे असते, हे कोणी सांगितले नसेल, तर कुलूप पाहून सुटकेचा निःश्वास टाकत परतणे फार सोपे आहे. शिवाय परीक्षा, निवडणूक किंवा सणाची सुट्टी आली की शाळेची खोली मिळत नाही आणि मीटिंग दुसरीकडे हलते. म्हणून यादीतला पत्ता जुना मानून त्याच दिवशी दुपारी एकदा फोन करावा.

जवळची मीटिंग घ्यावी की लांबची, हा प्रश्न छोट्या गावात सर्वांनाच पडतो. ओळखीचे कोणी पाहील, या भीतीने पुष्कळ जण तालुक्याचे गाव सोडून जिल्ह्याला जातात. सुरुवातीला तसे करण्यात काही गैर नाही. मात्र दोन बस बदलून जावी लागणारी मीटिंग पावसाळ्यात आपोआप सुटते, आणि खोलीत ओळखीचा माणूस भेटलाच, तर तोही त्याच कारणासाठी तेथे बसलेला असतो, हे विसरू नये. गुत्त्यावर बसताना लाज वाटली नाही आणि मीटिंगला जाताना वाटते, असे जुने सभासद हसत हसत बोलून दाखवतात, आणि त्यात तथ्य आहे. वर्धा, गडचिरोली यांसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांत आणखी एक धास्ती असते, ती पोलिसांची. एए कोणाची माहिती कोणाकडेही देत नाही, कारण तशी माहिती ती गोळाच करीत नाही.

रस्ताही विचारपूर्वक निवडावा. कामाच्या ठिकाणाहून मीटिंगला जाताना नेहमीचा बार वाटेत लागत असेल, तर उतरायचे स्टेशन किंवा बसथांबा बदलावा. पोटात काहीतरी घालून निघावे; रिकामे पोट आणि संध्याकाळ ही जोडी पिणाऱ्याला चांगलीच परिचित असते.

आसपास मीटिंगच नसेल, तरी मार्ग बंद होत नाही. दोन मद्यपी दारूपासून दूर राहण्यासाठी नियमाने एकत्र बसू लागले, की तो गट मानला जातो. मुंबईच्या कार्यालयाकडून मराठी साहित्य मागवता येते, आणि जवळच्या शहरातले जुने सभासद सुरुवातीला येऊन मीटिंग कशी चालवायची, ते दाखवून जातात.

पहिली मीटिंग

दहा मिनिटे आधी पोहोचावे. उशिरा गेल्यावर सर्वांच्या नजरा वळतात, ही भीती नव्या माणसाला जास्त असते, आणि आधी पोहोचल्यास खुर्च्या मांडायला हात लावता येतो. हाताला काम मिळाले की अवघडलेपण कमी होते. शाळेची खोली असेल, तर चौथीच्या मुलांसाठी केलेल्या बाकांवर पन्नाशीची माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसलेली दिसतील. फळ्यावर दिवसाचा सुविचार तसाच असेल आणि त्याच्यावर खिळ्याला बारा पायऱ्या आणि बारा परंपरा, म्हणजे गटाने कसे चालावे याची तत्त्वे, यांचे गुंडाळी केलेले दोन तक्ते कोणी उलगडून लावीत असेल. टेबलावर थोडी पुस्तके, पत्रके, चहाचा थर्मास आणि बिस्किटांचा पुडा असतो. दारात कोणीतरी ‘पहिल्यांदाच का?’ असे विचारील. ‘हो’ म्हणावे. त्यापुढे त्या संध्याकाळी आपल्याकडून काहीही अपेक्षित नसते.

मीटिंग एक ते दीड तास चालते. सुरुवातीला थोडे मौन आणि प्रार्थना होते, एएची ओळख करून देणारा ठरीव मजकूर वाचला जातो, एखादी पायरी किंवा पुस्तकातला उतारा घेतला जातो, आणि मग एकेक जण उठून किंवा बसल्या जागेवरून आपले शेअरिंग करतो. ‘माझे नाव अमुक, मी मद्यपी आहे’ असे म्हणून तो सुरुवात करतो आणि सगळे त्याला एका सुरात उत्तर देतात. हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते, काहींना हसूही येते. त्यात वावगे काही नाही. शेअरिंगमध्ये माणूस स्वतःविषयीच बोलतो: आधी काय होत असे, काय घडले आणि आता कसे चालले आहे. त्याचे बोलणे चालू असताना मधे कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही, ‘तू असे करायला हवे होते’ असे म्हणत नाही. आपल्या घरांत, जेथे कोणीही बोलायला लागले की तीन जण सल्ला देतात, ही शिस्त दुर्मीळ आहे, आणि तिचे मोल दोन-तीन मीटिंगांनंतर कळू लागते.

बोलायला सांगितले, तर ‘आज मी फक्त ऐकतो’ एवढे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. बोलावेसे वाटलेच, तर चार-पाच मिनिटांत आटोपावे आणि शक्यतो आकडे, हिशेब आणि इतरांच्या चुका यांपेक्षा कालची संध्याकाळ कशी गेली, ते सांगावे. नवा माणूस बहुधा पहिल्या शेअरिंगमध्ये साहेब, सासुरवाडी आणि मित्र यांची यादी वाचतो. खोलीतल्या प्रत्येकाने ती कधीतरी वाचलेली असते, त्यामुळे कोणी नाराज होत नाही.

त्या दिवशी घेतलेली असेल, तरीही जाता येते. अशा वेळी शांतपणे मागे बसावे आणि बोलू नये, एवढीच बहुतेक गटांची अपेक्षा असते. ‘उद्या न पिता जाईन’ असे म्हणून मीटिंग पुढे ढकलणाऱ्याचा तो उद्या फार लांबतो.

शेवटी पिशवी किंवा डबा फिरतो. सातव्या परंपरेनुसार गट आपला खर्च आपणच भागवतो आणि बाहेरची देणगी घेत नाही. त्यातून खोलीचे भाडे, चहा, पुस्तके यांचे निघते. पहिल्या मीटिंगला आलेल्याने काही टाकावे, अशी अपेक्षा नसते, आणि पुढेही दहा-वीस रुपये टाकले तरी पुरे. नंतर हात धरून प्रार्थना होते आणि मीटिंग संपते.

संपल्यावर लगेच निघून जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. पुढची पंधरा मिनिटे, जी हातात चहाचा कागदी पेला धरून व्हरांड्यात उभ्याने जातात, ती मीटिंगइतकीच कामाची असतात. कोणता मानसोपचारतज्ज्ञ नीट बोलतो, रात्री झोप येत नाही तेव्हा काय करायचे, साहेबांना रजेचे कारण काय सांगितले, अशा गोष्टी तेथे कळतात. दोन-तीन जणांचे फोन क्रमांक घ्यावेत, आणि दुसऱ्याच दिवशी काहीही कारण नसताना त्यांपैकी एकाला फोन करावा. तलफ अनावर झाल्यावर पहिल्यांदाच अनोळखी क्रमांक फिरवणे कोणालाही जमत नाही; आधी दोनदा इकडचे तिकडचे बोलणे झालेले असले, तरच तो फोन लागतो.

मीटिंगमध्ये ऐकलेले आणि पाहिलेले तेथेच ठेवायचे असते. शेजारी बसलेला माणूस उद्या बँकेत काउंटरपलीकडे दिसला, तर नेहमीच्या ओळखीइतकेच हसावे. फोटो काढू नये, कोणाचे नाव घरी सांगू नये. स्वतःविषयी कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही, हे मात्र प्रत्येकाने आपले ठरवावे.

पहिल्या मीटिंगवरून गटाचा निकाल लावू नये. एखाद्या ठिकाणी चारच माणसे असतात, एखाद्या ठिकाणी एकच जण अर्धा तास बोलतो, कुठे वातावरण फार गंभीर असते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत निरनिराळ्या भागांतील मीटिंगांचा स्वभाव वेगवेगळा असतो; निदान पाच-सहा ठिकाणी बसून पाहावे आणि मग एक गट आपला मानावा.

शंका

सर्वांत जास्त विचारली जाणारी शंका धर्माची आहे. मीटिंगा चर्चच्या आवारात भरतात, पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो, आणि चळवळीची सुरुवात एका ख्रिस्ती गटाच्या संपर्कातून झाली, हेही खरे आहे. तथापि चर्चशी नाते भाड्याच्या खोलीपुरते असते. पायऱ्यांत ‘आम्हाला जसा समजला तसा ईश्वर’ अशी मोकळीक ठेवलेली आहे, आणि मराठी मीटिंगांत या ईश्वराला उच्चशक्ती म्हणतात. कोणासाठी ती विठ्ठल असते, कोणासाठी निसर्ग, आणि नास्तिक सभासद खोलीतल्या माणसांनाच आपली उच्चशक्ती मानून वर्षानुवर्षे न पिता राहतात. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहिले, तरी कोणी जाब विचारीत नाही.

दुसरी शंका अशी की, ‘मी श्रावण कडक पाळतो, गणपतीत थेंब घेत नाही, मग मी व्यसनी कसा?’ श्रावण पाळता येतो, ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न गटारीला काय होते आणि गणपती विसर्जनाच्या रात्री काय होते, हा आहे. आपण मद्यपी आहोत की नाही, हे एए सांगत नाही. तो निर्णय ज्याचा त्यानेच करायचा असतो, आणि तो होईपर्यंत बसून ऐकायला हरकत नसते.

तिसरी शंका उपयोगाची. वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० साली २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्ती यांवर आधारलेला आढावा प्रसिद्ध केला. एए आणि एएकडे नेणारे, ठरावीक पद्धतीने दिलेले उपचार हे सातत्याने दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरतात, असा त्याचा निष्कर्ष होता. याचा अर्थ प्रत्येकाला ते लागू पडते, असा मुळीच नाही. ज्यांना पायऱ्यांची भाषा अजिबात पटत नाही, त्यांनी समुपदेशकाच्या मार्गदर्शनाखालील गट किंवा विचार आणि सवयी बदलण्याच्या तंत्रांवर भर देणारे स्मार्ट रिकव्हरीचे ऑनलाइन गट पाहावेत.

एए काय करीत नाही, हेही आधी ठाऊक असावे. ती औषध देत नाही, नोकरी किंवा राहायची जागा देत नाही, कर्ज देत नाही, आणि कार्यालयात दाखवायला दाखला देत नाही. दाखला हवा असेल, तर तो डॉक्टरांकडून किंवा केंद्राकडून घ्यावा. तसेच, मानसोपचाराच्या गोळ्या चालू असताना एखादा सभासद ‘गोळ्याही नशाच आहेत, बंद कर’ असे सांगू लागला, तर त्याचे ऐकू नये. सभासदाने डॉक्टर होऊ नये, हे एएच्याच साहित्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

पहिले तीन महिने

नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा, असे जुने सभासद सुचवतात. मुंबईत ते शक्य आहे; सांगोल्यात किंवा सावंतवाडीत राहणाऱ्याला ते अवघड पडेल. अशा वेळी प्रत्यक्षातल्या आठवड्याच्या मीटिंगा आणि उरलेल्या दिवशी ऑनलाइन मीटिंग किंवा निदान एक फोन, असा मेळ घालावा. मुद्दा असा की, सुरुवातीच्या दिवसांत एकही संध्याकाळ मोकळी सुटू नये.

महिन्याभरात एखाद्याला स्पॉन्सर होण्याची विनंती करावी. स्पॉन्सर म्हणजे पायऱ्या समजावून देणारा आणि अवेळी फोन उचलणारा जुना सभासद. तो निदान वर्षभर न प्यालेला असावा, शक्यतो पुरुषाने पुरुषाला आणि स्त्रीने स्त्रीला निवडावे, आणि ज्याचे बोलणे छान वाटते त्यापेक्षा ज्याचे वागणे पटते, त्याला विचारावे. त्याच्याकडून उसने पैसे घेऊ नयेत आणि त्याला देऊही नयेत. या एका गोष्टीने अनेक चांगली नाती बिघडली आहेत.

स्त्रियांची अडचण वेगळी आहे. आपल्याकडे मीटिंगमध्ये त्यांची संख्या कमी असते, आणि पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने जाणे सोपे नसते. फोन करतानाच महिला सभासदाशी बोलायचे आहे, असे सांगावे. मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन केवळ स्त्रियांच्या मीटिंगाही असतात. मुक्तांगणमध्ये ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग आहे. मदतीच्या नावाखाली कोणी पुरुष सभासद जवळीक साधू पाहत असेल, तर ते सहन न करता गटाच्या सेक्रेटरीला किंवा दुसऱ्या महिला सभासदाला लगेच सांगावे.

मधेच प्यायले गेले, ज्याला मीटिंगमध्ये ‘स्लिप’ म्हणतात, तर त्याच दिवशी स्पॉन्सरला फोन करावा आणि पुढच्या पहिल्या मीटिंगला जावे. रागावणार नाहीत का? एखाद-दुसरा रागावेलही, पण गटातून कोणालाही काढून टाकले जात नाही. दिवस पुन्हा एकपासून मोजायचे, एवढेच. मात्र पुन्हा रोजचे पिणे सुरू झाले असेल, तर आधी सांगितलेला डॉक्टरांचा टप्पा पुन्हा लागू होतो. लग्नाची वरात, होळी, ३१ डिसेंबर, दिवाळीतली कंपनीची पार्टी या दिवसांचे नियोजन आठवडाभर आधी करावे. पुष्कळ ठिकाणी ३१ डिसेंबरच्या रात्री सभासद मुद्दाम एकत्र जमतात.

घरच्यांसाठी

पिणारा जायला तयार नसला, तरी घरच्यांना जाता येते. १९५१ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या अल-अनॉन या गटाच्या मीटिंगा मद्यपींच्या नातेवाइकांसाठी असतात, आणि अलाटीन हा त्याचाच किशोरवयीन मुलांसाठीचा भाग आहे. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. नवऱ्याची दारू कशी सोडवावी, याची युक्ती तेथे मिळत नाही, आणि तीच आशा धरून आलेल्या बाईची पहिल्या दिवशी निराशा होते. बाटल्या शोधून ओतून देणे, साहेबांना ‘ताप आहे’ म्हणून खोटा फोन करणे, उधारी फेडणे, हे सगळे थांबवायचे कसे आणि आपली झोप, पगार, मुलांची शाळा सांभाळायची कशी, एवढेच तेथे शिकायला मिळते. हे थोडे नाही. घरात मारहाण होत असेल, तर मात्र मीटिंगची वाट न पाहता ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ क्रमांकावर फोन करावा.

ज्याचा माणूस मीटिंगला जाऊ लागला आहे, त्या घराला एक विनंती. तो रोज संध्याकाळी बाहेर राहतो, म्हणून कुरकुर सुरू होते. ‘आधी दारूसाठी घराबाहेर, आता मीटिंगसाठी’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात उच्चारले जाते. पहिले तीन महिने ते मनातच ठेवावे. घरी आल्यावर काय झाले, कोण आले होते, हे खोदून विचारू नये, आणि तोंडाचा वास घेण्यासाठी दारात उभे राहू नये.

बाहेरगावी आणि परदेशात

बदली, कामाचा दौरा किंवा गावाकडची जत्रा यांमुळे मीटिंग तुटते. निघण्यापूर्वी जाण्याच्या गावातला संपर्क क्रमांक आपल्या गटाच्या सेक्रेटरीकडून घ्यावा. सभासद एकमेकांना हे क्रमांक आनंदाने देतात, आणि गाडीतून उतरल्यावर शोधण्यापेक्षा हे कितीतरी सोपे पडते. गोव्यात कोकणी आणि इंग्रजी मीटिंगा मिळतात. परदेशात गेलेल्या मराठी माणसाला स्थानिक इंग्रजी मीटिंग बहुतेक शहरांत मिळेल, पण रडायला आणि शिव्या द्यायला मातृभाषाच लागते. त्यासाठी २०२० नंतर वाढलेल्या झूमवरच्या मीटिंगा उपयोगी आहेत. दुबईत भारतातली रात्री आठची मीटिंग संध्याकाळी साडेसहाला येते, लंडनमध्ये ती उन्हाळ्यात दुपारी साडेतीनला पडते, हा हिशेब आधी करून ठेवावा. कॅमेरा बंद ठेवला आणि नावाच्या जागी फक्त पहिले नाव किंवा एक अक्षर लिहिले, तरी चालते. हेडफोन लावावेत, दार बंद करावे, आणि मीटिंग चालू असताना दुसऱ्या खिडकीत कार्यालयाचे काम उघडू नये. समोर कोणी नसल्याने उठून जाणे येथे फारच सोपे असते, म्हणून सुरुवातीलाच एखाद्या सभासदाला ‘मी शेवटपर्यंत आहे, नंतर फोन करतो’ असा निरोप टाकून ठेवावा.